कुंभकोणम : देवळांच्या गावातली एक शाळा

चेन्नईहून रात्री निघालेली गाडी पहाटे कुंभकोणमला पोचते. अंधारातच स्टेशनबाहेर आलं की पहिला येतो तो कॉफीचा वास. पितळेच्या पेल्यातली कॉफी पितळेच्याच वाटीत ओतायची, पुन्हा पेल्यात, पुन्हा वाटीत. ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’ अशा पाट्या तमिळनाडूच्या हमरस्त्यावर जागोजागी दिसतात, पण मूळ गावात बसून ती पिण्याची मजा निराळी. इडलीबरोबर इथे ‘कडप्पा’ नावाची मूगडाळ-बटाट्याची पातळ भाजी मिळते. ती चुकवू नका. सांबाराचा शोध तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात लागला, संभाजीराजांच्या नावावरून त्याला नाव पडलं, ही गोष्टही तुम्हाला इथे कुणीतरी ऐकवेलच. मराठी पाहुणा दिसला की ऐकवतातच. खरीखोटी देव जाणे, पण ऐकायला छान वाटते.

मी साताऱ्याकडची. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झाले. साताऱ्याची गादी आणि तंजावरची गादी एकाच भोसल्यांची, त्यामुळे लहानपणापासून व्यंकोजीराजांचा मुलूख बघायची हौस होती. तंजावर पाहून झालं होतं. कुंभकोणम तिथून चाळीस किलोमीटरवर, कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधलं गाव. स्टेशनवर भेटलेला रिक्षावाला चार वर्षं धारावीत राहून आलेला निघाला. त्याची हिंदी माझ्या हिंदीपेक्षा बरी होती. “अम्मा, दोन दिवसांत सगळी देवळं दाखवतो,” म्हणाला. भाव ठरला आणि आम्ही निघालो.

देवळं किती सांगावीत! सारंगपाणीचं उंच गोपुर, आदिकुंभेश्वर, नागेश्वर, आणि रामस्वामी मंदिर, ज्याच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलेलं आहे. मधोमध महामहम तलाव. त्याच्या काठावरचे सोळा मंडप नायक राजांच्या दरबारातल्या गोविंद दीक्षितांनी बांधवले. बारा वर्षांतून एकदा इथे स्नानाचा मेळा भरतो, आपल्या नाशिकच्या कुंभासारखा. जवळच गोविंदपुरमला अलीकडच्या काळात बांधलेलं विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ आहे, आपल्याकडच्या धाटणीच्या शिखराचं. दारातून विटेवरची मूर्ती दिसली आणि इतक्या दूर आल्याचा शीण गेला.

पण मला देवळांइतकंच, खरं तर जास्तच, दुसऱ्या कशाचं तरी कुतूहल होतं. इंग्रजी अमदानीत या गावाला ‘दक्षिणेचं केंब्रिज’ म्हणत. कावेरीकाठचं सरकारी कॉलेज 1854 साली शाळा म्हणून सुरू झालं. पोर्टर नावाचे इंग्रज प्राचार्य आणि त्यांच्यानंतर गोपाळराव, या दोघांनी त्याला नावारूपाला आणलं. गावातल्या टाउन हॉलला पोर्टरचं नाव आहे आणि ग्रंथालयाला गोपाळरावांचं. हे गोपाळराव तंजावरकडचे देशस्थ, म्हणजे आपलेच. आणखी एक आपले म्हणजे राजा सर टी. माधवराव. 1828 मध्ये याच गावात जन्मले आणि त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांचे वडील त्रावणकोरचे दिवाण, चुलतेही त्रावणकोरचे दिवाण, चुलतभाऊ रघुनाथराव इंदूरचे दिवाण. रघुनाथरावांनी विधवाविवाहासाठी हयातभर खटपट केली, न्यायमूर्ती रानड्यांबरोबर 1887 साली मद्रासला सामाजिक परिषद उभी केली. मोठी माणसं होती यात शंकाच नाही. पण एका घरात चार दिवाण, हे वाचताना मला हसू आलं. आमच्या तालुक्यात एका घरात चार शिपाईसुद्धा पाहिले नाहीत मी.

माधवरावांची बडोद्याची कारकीर्द आपल्याला जवळची. बाल सयाजीरावांच्या शिक्षणाची घडी त्यांच्या देखरेखीखाली बसली. पुढे त्याच सयाजीरावांनी 1906 मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं आणि 1913 मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं. तो तरुण कोलंबिया विद्यापीठात शिकून 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आला, तेव्हा मात्र त्याला त्या शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. महाराजांची शिष्यवृत्ती होती, हुकूम होता, हुद्दा होता, फक्त खोली नव्हती. शाळेत हा भाग शिकवताना मी तो दोन वाक्यांत उरकत असे. रिक्षात बसून का कोण जाणे तो पुन्हा पुन्हा आठवत राहिला.

सारंगपाणी देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रामानुजन यांचं घर आहे. सास्त्र विद्यापीठाने ते 2003 साली घेऊन जतन केलंय. कौलारू, चिंचोळं घर. पुढे रस्त्याला लागून ओटा. याच ओट्यावर पाटी घेऊन तो मुलगा गणितं करत बसायचा. कागद महाग, म्हणून पाटी, आणि फडकं शोधायला वेळ नको म्हणून कोपराने पुसायचा. आतली खोली बघायला आलेल्या शाळेच्या मुली एकमेकींना ढकलत होत्या. त्यांच्या बाईंनी “शू” केलं तेव्हा मीही नकळत सरळ उभी राहिले.

वडील साडीच्या दुकानात कारकून, पगार महिना 20 रुपये. आई देवळात भजनं म्हणायची, घरी बाहेरगावच्या मुलांना जेवणाखाण्यासह ठेवून संसाराला हातभार लावायची. 1904 मध्ये टाउन हायस्कूलमधून मुलगा पास झाला, गणिताचं बक्षीस मिळालं, सरकारी कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. आणि मग गणिताखेरीज दुसरं काही डोक्यात शिरेना म्हणून तो बाकीच्या विषयांत नापास झाला. शिष्यवृत्ती गेली. एका सत्राची फी 32 रुपये, म्हणजे वडिलांचा दीड महिन्याहून जास्त पगार. कॉलेज सुटलं. मद्रासच्या कॉलेजातही तेच झालं. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. पोर्ट ट्रस्टमधली कारकुनी, 1913 मध्ये प्रोफेसर हार्डी यांना लिहिलेलं पत्र, केंब्रिज, रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, आणि 1920 मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मृत्यू. त्यांच्या पत्नी जानकी अम्माल पुढे शिवणकाम शिकून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या आणि 1994 पर्यंत जगल्या. त्यांच्याबद्दल त्या घरात फारसं काही नाही. असायला हवं होतं.

गरीब मुलालाही बुद्धीच्या जोरावर संधी मिळते याचं उदाहरण म्हणून रामानुजनची गोष्ट आपण मुलांना सांगतो. मीही सांगितली आहे, निदान वीस वेळा. त्या ओट्यापाशी उभं राहिल्यावर मात्र वाटलं, ही गोष्ट तर उलटं सांगते. परीक्षेने त्याला दोनदा बाहेर काढलं. त्याला वर आणलं ते ओळखीपाळखीने. कुणाचा तरी स्नेही कुणाला तरी चिठ्ठी देतो, तो पुढे आणखी कुणाला भेटवतो. ही साखळी त्याच्या हाताशी होती, कारण तो या रस्त्यावर राहत होता. गरीब होता, पण अय्यंगारांच्या घरातला होता. हायस्कूल चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि त्याच्या दारातून त्याला कुणी परत पाठवणार नव्हतं. त्या काळी अग्रहाराच्या रस्त्याने अस्पृश्य मानलेल्या माणसाला चालताही येत नसे. त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला, भातखाचरांच्या कडेला, 1904 साली एखादा मुलगा मातीत काडीने आकडे लिहीत असेलच ना? त्याचा ओटा कोण जतन करणार!

महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगाला हेच तर सांगितलं होतं. सरकारचा पैसा कष्टकरी रयतेचा आणि शिक्षण मात्र वरच्या जातींना. म्हणून आधी बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांचं मागणं होतं. सबंध देशात ते कायद्याने यायला 1 एप्रिल 2010 उजाडावा लागला.

पण तमिळनाडूने त्याआधीच पुष्कळ केलं, हे मान्य केलं पाहिजे. कामराज मुख्यमंत्री असताना 1956 पासून शाळेत दुपारचं जेवण सुरू झालं. एम. जी. रामचंद्रन यांनी 1982 मध्ये ते फार मोठ्या प्रमाणावर नेलं. मूल उपाशी असेल तर ते शाळेत येत नाही, इतका साधा विचार. बाकीच्या देशाला तो कळायला बराच काळ गेला. आपल्याकडे 1995 पासून तांदूळ वाटप आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शिजवलेली खिचडी आली. आरक्षण तर तमिळनाडूत 69 टक्के आहे आणि ते टिकावं म्हणून 1994 साली घटनादुरुस्तीही झाली. पेरियारांचा प्रांत हा.

“आता काशिरामन रस्त्याला घ्या,” मी म्हटलं.

रिक्षावाल्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “तिथे देऊळ नाही, अम्मा.”

“माहीत आहे.”

16 जुलै 2004, शुक्रवार. त्या रस्त्यावरच्या एका इमारतीत तीन शाळा भरत होत्या. त्यातली एक अनुदानित प्राथमिक शाळा, ‘श्रीकृष्ण’ नावाची. सकाळी अकराच्या सुमाराला दुपारच्या जेवणाची तयारी चालू असताना स्वयंपाकाच्या खोपट्याने पेट घेतला. ते झावळ्यांनी शाकारलेलं होतं, वरच्या मजल्यावरच्या वर्गांचं छप्परही झावळ्यांचंच. ठिणगी इकडून तिकडे जायला कितीसा वेळ लागणार? जिना अरुंद. 94 मुलं गेली. बहुतेक सात ते अकरा वर्षांची, हातावर पोट असलेल्या घरांतली.

त्याच वर्षी मार्चमध्ये या गावाने महामहमचा मेळा पार पाडला होता. 1992 च्या मेळ्यात चेंगराचेंगरी होऊन पन्नासच्या आसपास माणसं दगावली होती, म्हणून या खेपेला बंदोबस्ताची पराकाष्ठा झाली. लाखो माणसं आली, न्हाली, सुखरूप घरी गेली. त्याच वर्षी शेजारच्या दारासुरमचं ऐरावतेश्वराचं चोळकालीन मंदिर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. दगडाची काळजी घ्यायला जगभरचे तज्ज्ञ होते, यात्रेकरूंची घ्यायला पोलीस होते. त्या वरच्या मजल्याचं छप्पर बघायला कुणी गेलं असेल, तर त्याने सही करून पुढचा कागद हातात घेतला असेल.

मी हे कुणावर दात धरून लिहीत नाही. लिहिण्याचा अधिकारही नाही मला, आणि त्याचं कारण सांगते.

2004 साली मी दोन शिक्षकी शाळा सोडून नुकतीच एका मोठ्या शाळेत आले होते. चौथीपर्यंतची शाळा, आम्ही तिघी शिक्षिका. खिचडी शिजायची ती वर्गाच्या भिंतीला टेकून उभारलेल्या पत्र्याच्या आडोशात. सरपण आत, चूल आत, शेजारी पहिलीचा वर्ग. कुंभकोणमची बातमी टीव्हीवर पाहिली त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघींनी मिळून चूल उचलून पिंपळाखाली नेली. मुलांना मोठी गंमत वाटली. पण आमच्याकडचा जुलै तो. चार दिवस कसेबसे निभावले, पाचव्या दिवशी पावसाने चूल विझली, तांदूळ अर्धवट राहिले आणि पोरं उपाशी घरी गेली. चूल पुन्हा भिंतीला आली. वेगळ्या खोलीसाठी मी अर्ज केला. ती खोली झाली तेव्हा माझी तिथून बदली झालेली होती.

आणि याहून अवघड गोष्ट म्हणजे माझा स्वतःचा मुलगा त्या शाळेत कधीच नव्हता. तो तालुक्याला इंग्रजी शाळेत जायचा, पिवळ्या व्हॅनने. जूनमध्ये मी पटनोंदणीसाठी वस्तीवस्तीवर फिरायची. “आपली शाळा चांगली आहे, पोराला आमच्याकडेच घाला,” असं आयांना सांगायची. एकदा पारधी वस्तीवरच्या एका बाईने विचारलं, “बाई, तुमचा बारका कुठं असतो मग?” मी काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मुद्दाम विसरले असेन. संधीची समानता या विषयावर मी जिल्ह्याच्या शिबिरात भाषण केलंय, टाळ्याही मिळवल्यात. माझ्या मुलाचा आणि त्या बाईच्या मुलाचा जिना मात्र वेगळा होता आणि तो तसा असावा ही व्यवस्था मीच केली होती.

काशिरामन रस्ता दिसायला कोणत्याही गावातल्या रस्त्यासारखा आहे. दुकानं, सायकली, दारापुढे काढलेले कोलम. 16 जुलैला आईवडील इथे जमतात, मुलांचे फोटो मांडतात, दिवे लावतात. गावात मुलांचं स्मारकही उभं आहे. मी गेले तो साधा दिवस होता. कुणी नव्हतं. रिक्षावाला रिक्षातून उतरला, पायातल्या चपला काढून क्षणभर उभा राहिला आणि परत येऊन बसला. त्यालाही मी काही विचारलं नाही.

नंतर कायद्याची चक्रं फिरली. राज्यभरातल्या शाळांवरची झावळ्यांची छपरं उतरवली गेली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, मुलाचा शिक्षणाचा हक्क म्हणजे सुरक्षित शाळेत शिकण्याचा हक्क. तो निकाल या आगीनंतर दाखल झालेल्या याचिकेवरच होता. खटल्याचा निकाल लागायला दहा वर्षं लागली. जुलै 2014 मध्ये तंजावरच्या न्यायालयाने 10 जणांना दोषी ठरवलं, 11 जणांना सोडलं. 2017 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात त्यातल्याही काहींच्या शिक्षा कमी झाल्या, काही सुटले. जी मुलं त्या दिवशी दुसरीत होती ती वाचली असती, तर तोवर कॉलेजात गेली असती. कदाचित कावेरीकाठच्या त्याच सरकारी कॉलेजात.

संध्याकाळी मुलाला पुण्याला फोन केला. नात यंदा पहिलीत गेलीय. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागा तिच्या शाळेतही आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या सरकारने ज्या खासगी शाळांजवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे त्यांना या जागांतून सूट दिली होती, तेव्हा तिच्या शाळेतल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर बरीच हिरवी बोटं उंचावली गेली होती, असं सूनबाईच म्हणाली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. मी मुलाला विचारलं, “अरे, तिच्या शाळेला जिने किती?” तो हसला. “आई, लिफ्ट आहे.”

दुसऱ्या दिवशी रिक्षावाला स्वतःहून बोलता झाला. इथला पहिला महापौर रिक्षावाला होता, हे त्याने मला अभिमानाने सांगितलं. खरं आहे ते. कुंभकोणमची महानगरपालिका झाल्यावर 2022 मध्ये के. सरवणन नावाचे रिक्षाचालक पहिले महापौर झाले. “आमच्यातला माणूस त्या खुर्चीवर,” तो म्हणाला आणि उगाचच एकदा हॉर्न वाजवला. मी विचारलं, सगळं बदललं का मग? तो म्हणाला, गावात चालतं, खेड्यात अजून नाही. दक्षिणेकडे शाळेतली मुलं मनगटाला आपापल्या जातीच्या रंगाचे दोरे बांधतात. 2023 मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यात नांगुनेरीला एका दलित मुलावर त्याच्याच शाळेतल्या मुलांनी घरात घुसून कोयत्याने वार केले. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती चंद्रू समितीने हे दोरे बंद करा, असं 2024 च्या अहवालात सांगितलं. एकाच वर्गात, एकाच पंगतीत जेवणारी मुलं ही. पेरियारांच्या प्रांतातली.

त्याला एक मुलगी. चौथीत आहे. इंग्रजी शाळेत घातलीय, कमाईतला मोठा वाटा तिथे जातो. “सरकारी शाळा फुकट आहे, जेवण आहे, आता सकाळचा नाश्ताही देतात,” मी म्हटलं. जुन्या सवयीने पटनोंदणीच करायला लागले होते मी. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “अम्मा, नाव घालायच्या आधी मी सगळ्या शाळांचे जिने बघून आलो. सरकारी, खासगी, सगळ्या. या शाळेला दोन आहेत. दोन्ही रुंद.”

माझी गाडी संध्याकाळची होती. चारला मुलीला घ्यायचं होतं, म्हणून त्याने विचारलं, आपण शाळेवरून गेलो तर चालेल का? चालणारच होतं. शाळा सुटली तशी निळ्या फ्रॉकमधली ती पळत आली, मला बघून थबकली, “गुड ईव्हनिंग, मॅम” म्हणाली आणि शेजारी सरकून बसली. दप्तर माझ्या मांडीवर ठेवलं. चांगलंच जड होतं. स्टेशन येईपर्यंत ती मला तमिळमध्ये आकडे शिकवत होती आणि मी चुकले की अगदी माझ्यासारखीच बोट वर करून थांबवत होती.